वॉकर, फुलर, टकर

मुंबईच्या ओव्हल मैदानासमोर उभी असलेली उच्च न्यायालयाची इमारत जेम्स ऑगस्टस फुलर नावाच्या लष्करी इंजिनिअरने आखली. एप्रिल १८७१ मध्ये काम सुरू झालं आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये पुरं झालं. पुढे १९०८ साली याच इमारतीत लोकमान्य टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला चालला, त्यामुळे ही वास्तू मराठी माणसाच्या मनात कायमची कोरली गेली. फुलरच्याही आधी, १८०२ पासून, बडोद्याला गायकवाडांच्या दरबारी कंपनी सरकारचा रेसिडेंट होता अलेक्झांडर वॉकर. १८०७ मध्ये काठेवाडच्या संस्थानिकांच्या खंडण्या ठरवून देणारा करार त्याच्याच नावाने ओळखला जातो. आणि १९ सप्टेंबर १८८२ ला मुंबई बंदरात चार माणसांची एक छोटी तुकडी उतरली, साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संघटनेची हिंदुस्थानातली पहिली तुकडी. तिचा म्होरक्या होता फ्रेडरिक टकर. मुंगेरला जन्मलेला हा माणूस सनदी नोकरीवर पाणी सोडून आला होता. तो भगवे कपडे घालून अनवाणी हिंडे आणि स्वतःला फकीरसिंग म्हणवी.

फुलर, वॉकर, टकर. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक वास्तू बांधणारा, एक मुत्सद्दी, एक धर्मप्रचारक. पण त्यांची आडनावं मराठीत आणायची ठरवली तर तिन्हींसाठी एकच शब्द वापरावा लागेल : कापड तुडवणारा. इंग्लंडमध्ये एकाच कामाला तीन मुलखांत तीन शब्द होते, आणि त्या तीन शब्दांची तीन आडनावं झाली. मला ही गोष्ट अनेक वर्षं खुणावते आहे, कारण इंग्लंडच्या मध्ययुगाबद्दल राजेरजवाड्यांच्या बखरी जे सांगत नाहीत ते ही तीन नावं सांगतात.

आधी काम समजून घेऊ.

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड अंगावर घालण्याजोगं नसतं. ते जाळीसारखं विरळ असतं, उजेडाकडे धरलं तर आरपार दिसतं. शिवाय तेलकट असतं : मेंढीच्या अंगची चरबी त्यात असते, आणि सूत कातताना लोकर मऊ राहावी म्हणून लावलेलं तेल किंवा लोणीही असतं. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ लावून ती घट्ट करतात. इंग्लंडच्या कापडाला तसं बाहेरून काही लावत नसत. लोकरीलाच आपल्या अंगी आटायला भाग पाडत. लोकरीच्या केसावर सूक्ष्म खवले असतात. ओल, ऊब आणि मार, ही तीन एकत्र आली की ते खवले एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. कापड रुंदीत तिसऱ्या हिश्शाने, कधी त्याहूनही अधिक आटतं, जाड होतं, वारा आणि पाऊस अडवू लागतं. गरम पाण्यात चुकून धुतलेला स्वेटर लहान मुलाच्या मापाचा होऊन बाहेर येतो, तीच ही क्रिया; फक्त इथे ती जाणूनबुजून, मोजूनमापून करायची.

हा मार द्यायचा पायांनी. लाकडाच्या किंवा दगडाच्या हौदात कापड टाकायचं, त्यावर शिळं मूत्र ओतायचं आणि दोन-तीन माणसांनी गुडघ्यापर्यंत कपडे खोचून तासन्‌तास ते तुडवायचं. मूत्र शिळं झालं की त्यात अमोनिया तयार होतो आणि तो चरबी सोडवतो. साबण महाग होता, मूत्र घरोघरी फुकट मिळे. यॉर्कशरच्या खेड्यांत ते पिंपांत साठवून ठेवण्याची रीत विणकामाच्या गिरण्या आल्यानंतरही टिकून होती. मूत्रानंतर पाळी एका मातीची. ही करडी, गुळगुळीत माती तेल शोषून घेते. इंग्रजीत तिचं नावच फुलरची माती असं आहे. मराठी घरांत ती अनोळखी नाही : तिला आपण मुलतानी माती म्हणतो आणि चेहऱ्याला लावतो. सरे परगण्यात नटफील्ड आणि रेडहिलच्या आसपास तिच्या खाणी होत्या. इंग्लंडच्या कापडाच्या दृष्टीने ही माती इतकी मोलाची होती की सतराव्या शतकात लोकरीबरोबर तिच्याही निर्यातीवर बंदी घातली गेली. परदेशी कापडवाल्याला ती मिळू नये, हा हेतू.

तुडवून झाल्यावर कापड वाहत्या पाण्यात धुवायचं, मग माळावर उभारलेल्या लाकडी चौकटींवर खिळ्यांच्या आकड्यांना ताणून वाळवायचं, काटेरी बोंडांनी घासून त्यावर लव उभी करायची आणि हातभर लांबीच्या कात्र्यांनी ती लव सारखी कापायची. यातल्या बऱ्याच टप्प्यांनी इंग्लंडला आडनावं दिली आहेत. लव कापणारा शर्मन. लोकर पिंजणारा डेव्हनमध्ये टोझर. रंगारी दक्षिणेत डायर, तर उत्तरेत लिस्टर. शस्त्रक्रियेत जंतुनाशक वापरायला शिकवणाऱ्या जोसेफ लिस्टरच्या नावामागे असा कुणी रंगारी आहे. विणकर तर वेब, वेबर, वेबस्टर, वीव्हर अशा चार रूपांत पसरला. एका देशाने कोणत्या मालावर पोट भरलं हे त्याच्या टेलिफोनच्या यादीत वाचता येतं, ते असं.

आता तीन शब्द. फुलर हा सर्वांत जुना आणि सर्वांत फिरलेला. मूळ लॅटिन फुल्लो. पॉम्पेईच्या राखेत या फुल्लोंचे हौद सापडले आहेत आणि सम्राट व्हेस्पेशियनने त्यांच्या मूत्रावर कर बसवला होता हे प्रसिद्धच आहे. हा शब्द जुन्या इंग्रजीत शिरला आणि नॉर्मन लोकांच्या फ्रेंचमधल्या तशाच शब्दाने त्याला बळ दिलं. म्हणून तो इंग्लंडच्या दक्षिणेत आणि पूर्वेत रुजला : केंट, ससेक्स, सफोक, नॉरफोक. वॉकर अस्सल सॅक्सन. आज वॉक म्हणजे चालणं, पण ज्या जुन्या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ होता लोळवणं, घुसळणं, इकडून तिकडे आपटणं. चालण्याचा अर्थ त्या क्रियापदाला मागाहून चिकटला. हा शब्द उत्तरेत आणि पश्चिम मध्य भागात चालला : यॉर्कशर, लँकेशर, डर्बीशर, स्टॅफर्डशर. तिसरा टकर नैर्ऋत्येचा : डेव्हन, सॉमरसेट, कॉर्नवॉल. त्याचं जुनं क्रियापद तर छळणं, पिडणं अशा अर्थाचं होतं. ज्यांनी ते कापडाला लावलं त्यांनी हौदातला तो प्रकार डोळ्यांनी पाहिला असणार.

या तीन शब्दांच्या सीमा लोकांना ठाऊक होत्या याचा एक सुंदर पुरावा आहे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जॉन विक्लिफच्या अनुयायांनी संपूर्ण बायबल प्रथमच इंग्रजीत आणलं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूची वस्त्रं डोंगरावर अचानक कशी शुभ्र झाली त्याचं वर्णन येतं. जगातला कुणी कारागीर तेवढी शुभ्र करू शकला नसता, असं तिथे म्हटलं आहे. मराठी बायबलात त्या कारागिराला परीट म्हटलं आहे. विक्लिफच्या पहिल्या भाषांतरात त्या जागी दोन शब्द शेजारी शेजारी आहेत : फुलर किंवा वॉकर. विक्लिफ मूळचा यॉर्कशरचा, आयुष्य गेलं ऑक्सफर्डला. त्याच्या वर्तुळातल्या भाषांतरकारांनी उत्तरेचा वाचक आणि दक्षिणेचा वाचक दोघांना डोळ्यांसमोर ठेवून हे केलं असावं, असं मला ते पान पाहताना वाटतं. प्रमाणभाषा अजून जन्मायची होती तेव्हाची ही गोष्ट आहे.

पण कामाचं नाव माणसाचं आडनाव कसं झालं? नॉर्मन सरदारांनी १०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर आपल्या गढ्यांची आणि गावांची नावं लावायला सुरुवात केली, ती वारसाहक्कासाठी. सामान्य माणसाला वारसा म्हणण्यासारखं फारसं काही नव्हतं, त्यामुळे त्याला आडनावाची गरजही नव्हती. अडचण वेगळीच उभी राहिली. नॉर्मन अमलात जुनी सॅक्सन नावं मागे पडली आणि मूठभर नावांचंच राज्य झालं. जॉन, विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, थॉमस : चौदाव्या शतकातल्या बहुतेक पुरुषांना या पाचांतलंच एखादं नाव होतं. एका खेड्यात सात जॉन असले तर जमीनदाराच्या कारकुनाने वसुलीच्या वहीत काय लिहायचं? जॉन, विल्यमचा मुलगा. जॉन, टेकडीजवळचा. जॉन, तांबड्या केसांचा. जॉन, कापड तुडवणारा. ही ओळख पहिल्यांदा कारकुनाच्या सोयीची होती, ज्याला ती चिकटली त्याच्या अभिमानाची नव्हे. मुलगा बापाचा धंदा करी तोवर तेच नाव त्यालाही लागू पडे. नातवाने धंदा बदलला तरी नाव राहिलं, तेव्हा आडनाव जन्मलं. दक्षिण इंग्लंडमध्ये हे साधारण १३५० पर्यंत घडलं, उत्तरेत आणखी पन्नास ते शंभर वर्षं लागली.

हा बदल घडताना पाहायचा असेल तर १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्या पाहाव्यात. फ्रान्सशी चाललेल्या युद्धासाठी हा कर बसवला होता. यॉर्कशरच्या पश्चिम विभागाच्या याद्या चांगल्या टिकल्या आहेत. साध्या माणसाला चार पेन्स, कारागिराला सहा पेन्स किंवा जास्त. म्हणून कारागिराच्या नावापुढे त्याचा धंदाही लिहिलेला असतो. तिथे एखादा वॉकर खरोखरच कापड तुडवणारा म्हणून सहा पेन्स भरतो, तर दुसऱ्या गावचा वॉकर साधा चार पेन्सवाला असतो. पहिल्याच्या बाबतीत शब्द अजून जिवंत आहे, दुसऱ्याच्या बाबतीत त्याचं आडनाव झालं आहे. करवसुलीच्या रूक्ष यादीतली ती दोन पेन्सांची तफावत मला कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक सांगून जाते. पुढे १४१३ मध्ये कायदाच झाला की दाव्यात प्रतिवादीच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा आणि गाव स्वतंत्रपणे लिहावं. आडनावावरून धंदा कळेनासा झाला होता, याचीच ती कबुली म्हणायची. १५३८ पासून थॉमस क्रॉमवेलच्या हुकमाने प्रत्येक चर्चमध्ये बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची वही ठेवणं सक्तीचं झालं आणि आडनावं कागदावर पक्की झाली.

मात्र नावं पडत होती त्याच काळात कामाच्या बाजूला फार मोठी उलथापालथ चालली होती. ज्या शतकांत माणसांना वॉकर हे नाव चिकटत होतं त्याच शतकांत तुडवणारे पाय हौदातून बाहेर पडत होते.

टेंपलर नावाच्या धर्मयोद्ध्यांच्या संघाने ११८५ मध्ये आपल्या इंग्लंडमधल्या मालमत्तेची मोजदाद केली. त्यात कापड कुटणाऱ्या दोन पाणगिरण्या नोंदल्या आहेत : एक लीड्सजवळ न्यूसमला, दुसरी ग्लॉस्टरशरमध्ये बार्टनला. इंग्लंडमधल्या अशा गिरण्यांच्या या सर्वांत जुन्या नोंदींपैकी आहेत. रचना साधी होती. ओढ्याच्या पाण्याने चाक फिरायचं, चाकाच्या दांड्यावरच्या खुंट्या दोन जड लाकडी हातोडे आळीपाळीने उचलायच्या आणि ते हौदातल्या कापडावर पडायचे. माणूस लागे तो फक्त कापड फिरवत ठेवायला, म्हणजे मार सगळीकडे सारखा बसेल. चरख्याच्या आणि मागाच्या बाबतीत यंत्र यायला अजून सहाशे वर्षं होती. कापडधंद्यातलं पहिलं काम यंत्राकडे गेलं ते हे, पायांचं. इतिहासकार एलिनोरा कॅरस-विल्सन यांनी १९४१ मध्ये या गिरण्यांवर एक लेख लिहिला आणि त्याला तेराव्या शतकातली औद्योगिक क्रांती असंच नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं की या गिरण्यांमुळे कापडधंदा जुन्या शहरांतून उठला आणि वाहत्या पाण्याच्या शोधात डोंगराळ खोऱ्यांकडे गेला. पुढच्या अभ्यासकांनी त्यांचा दावा बराच सौम्य केला, शहरांच्या ऱ्हासाला इतरही कारणं होती हे दाखवलं. तरी गिरण्यांची संख्या वाढत गेली आणि त्या ओढ्यांच्या काठी उभ्या राहिल्या, यात वाद नाही. वेल्समध्ये तर गावांच्या नावांतच त्या बसल्या. तिथल्या भाषेत अशा गिरणीला पांडी म्हणतात. कोळसा कामगारांच्या १९१० च्या उठावामुळे इतिहासात गेलेल्या टोनीपांडी गावाच्या नावात ती गिरणी अजून आहे.

लोकांनी हे सगळं मुकाट्याने स्वीकारलं असं नाही. गिरणी जमीनदाराची असे आणि कुळांनी तिथेच कापड आणावं, पैसे मोजावेत, असा त्याचा हट्ट असे. सेंट ऑल्बन्सच्या मठाने गिरण्यांवर खर्च केला होता आणि तो वसूल करायचा होता. गावकरी घरीच, पायाखाली कापड तुडवत राहिले. प्रकरण चिघळलं आणि १२७४ मध्ये गावच्या बायकांनी राणी एलिनोर तिथे आली असता तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. न्यायालयात निकाल मठाधिपतीच्या बाजूने लागला. लंडनमध्ये १२९८ साली वेगळीच तक्रार आली : कापड शहराबाहेर स्ट्रॅटफर्डच्या गिरण्यांकडे कुटायला पाठवलं जातं आणि शहरातल्या तुडवणाऱ्यांच्या पोटावर पाय येतो. तेराव्या शतकातल्या या माणसांची बाजू मला आजही तितकीच खरी वाटते. घाणेरडं, दुर्गंधीचं, कमरेचे काटे ढिले करणारं काम यंत्राने काढून घेतलं हे चांगलंच झालं. पण त्या कामावर ज्याची चूल पेटत होती त्याला त्या वेळी कुणी काही विचारलं नाही.

नावं मात्र टिकली. गिरणीवाल्यालाही वॉकर, फुलर, टकरच म्हणत राहिले. डेव्हनमधल्या एक्झिटरला विणकर, फुलर आणि लव कापणाऱ्यांच्या संघाने १४७१ मध्ये बांधलेली वास्तू फोर स्ट्रीटवर अजून उभी आहे. संघाच्या नावात फुलर शब्द आहे, कारण कागदपत्रांची भाषा लंडनकडे झुकलेली. पण वास्तूला एक्झिटरकर टकर्स हॉल म्हणतात. कागदावर एक शब्द आणि तोंडी दुसरा, असा पाचशे वर्षांचा संसार त्या एका दारात दिसतो.

या नावांचा पसारा पहिल्यांदा नीट मोजला तो हेन्री ब्रॉहम गप्पी या माणसाने. तो डॉक्टर आणि निसर्गअभ्यासक होता. ज्वालामुखी आणि समुद्रातून वाहत जाणाऱ्या बिया हे त्याचे विषय. झाडं कुठे उगवतात याचा नकाशा काढणाऱ्या या माणसाने आडनावांचाही तसाच काढला. १८९० साली त्याचं पुस्तक आलं. त्याने युक्ती केली ती अशी : शहरातली माणसं सारखी इकडून तिकडे जातात, तेव्हा त्यांना सोडून द्यायचं आणि व्यापारी डिरेक्टरीतले फक्त शेतकरी मोजायचे, कारण शेतकरी जमिनीला धरून राहतो. मोजणीत वॉकर उत्तरेला, फुलर आग्नेयेला, टकर नैर्ऋत्येला असे गट स्वच्छ पडले. १८८१ च्या शिरगणतीचे आकडे आता संगणकावर मांडले गेले आहेत, तेही हीच साक्ष देतात. म्हणजे चौदाव्या शतकातल्या बोलींच्या सीमा, ती बोली बोलणाऱ्यांचे नातू-पणतू प्रमाण इंग्रजी बोलू लागल्यावरही, त्यांच्या आडनावांत जागच्या जागी पाचशे वर्षं राहिल्या. भाषेच्या अभ्यासकाला याहून मोठं दान कोणतं मिळणार?

संख्येत मात्र तिघं सारखे नाहीत. १८५३ च्या सरकारी अहवालात इंग्लंड-वेल्समधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पन्नास आडनावांची यादी आहे. वॉकर त्यात पहिल्या विसांत आहे. फुलर आणि टकर पन्नासांतही नाहीत. यावरून उत्तरेत कापड तुडवणारे जास्त होते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो चुकीचा ठरेल. मध्ययुगात उंची कापड दक्षिणेत आणि पूर्वेत तयार होई. उत्तरेचं कापड जाडंभरडं मानलं जाई. वॉकरांची संख्या फुगली ती नंतर, अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत, जेव्हा लीड्स, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, मँचेस्टरच्या परिसरात वस्ती झपाट्याने वाढली. ज्या मुलखात कारखाने आले त्या मुलखाची आडनावं वाढली, एवढंच. डेव्हनचा लोकरीचा धंदा त्याच काळात ओसरला आणि टकर मागे राहिले.

वॉकरांना आणखी एका बाजूने भर पडली. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात गेलिक बोलणाऱ्यांत मॅक अन ऊकदर असं आडनाव होतं, अर्थ कापड तुडवणाऱ्याचा मुलगा. इंग्रजी कागदपत्रांत जाताना या घराण्यांनी त्याचं सरळ भाषांतर केलं आणि ते वॉकर झाले. तेव्हा स्कॉटलंडमधला एखादा वॉकर भाषेने सॅक्सन नसून पक्का गेलिक असू शकतो.

यामुळे सगळे वॉकर एकमेकांचे भाऊबंद आहेत असं कुणी समजू नये. ज्या ज्या गावात ओढा होता, मेंढ्या होत्या, त्या त्या गावात कुणीतरी स्वतंत्रपणे वॉकर झाला. गुणसूत्रांच्या अभ्यासानेही कामावरून पडलेल्या नावांचं हेच स्वरूप दाखवलं आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं आणि वाय गुणसूत्रही तसंच जातं, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात. ट्युरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी २००९ मध्ये ब्रिटनच्या चाळीस आडनावांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. ॲटनबरोसारख्या विरळ, एका जागेवरून पडलेल्या नावाचे बहुसंख्य पुरुष एकाच पूर्वजाचे निघाले. स्मिथांचं, म्हणजे लोहारांचं, गुणसूत्र पाहिलं तर रस्त्यावरच्या कुणाही अनोळखी माणसांइतकेच ते एकमेकांना परके होते.

आणि अर्थ? तो तर पार पुसला गेला. स्कॉटलंडमधल्या किल्मार्नॉक गावात जॉन वॉकर या वाण्याने १८२० मध्ये दुकान काढलं. त्याच्या वंशजांची व्हिस्की जगभर गेली. १९०८ मध्ये टॉम ब्राऊन या चित्रकाराने तिच्यासाठी उंच टोपी घालून लांब ढांगा टाकत निघालेला माणूस काढला, तो आजही बाटलीवर आहे. वॉकर म्हणजे चालणारा, असं समजून सगळं जग त्या चित्राकडे पाहतं. हौदात उभा राहिलेला, एकाच जागी पाय आपटणारा माणूस कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

आपल्याकडे कामावरून पडलेलं नाव जातीला बांधलं गेलं आणि पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या पायात बेडीसारखं राहिलं. इंग्लंडमध्येही उच्चनीच भेद कमी नव्हते, गरिबाचं जिणं तिथेही खडतरच होतं. पण आडनाव मोकळं सुटलं. फुलर नावाचा माणूस मुंबईत न्यायमंदिर बांधायला आला तेव्हा, तुमचे पूर्वज मुतात उभे राहत, असं त्याला कुणी सुनावलं नाही. त्याचं त्यालाही आठवत नसावं. हा फरक लहान नाही. आणि टकरचं तर आडनावच लग्नाने बदललं. १८८८ मध्ये त्याने साल्व्हेशन आर्मीचे संस्थापक विल्यम बूथ यांच्या मुलीशी, एमाशी, लग्न केलं आणि त्या घराण्यात जावयांनीही बूथ नाव लावायची रीत असल्याने तो बूथ-टकर झाला. स्त्रीचं नाव पुरुषाने घेणं त्या काळी विरळाच.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून शेवटी त्यांच्याबद्दल. आडनाव बापाकडून चालत आल्यामुळे या नावांमागे पुरुषच उभा आहे असं आपण धरून चालतो. पण कापड तुडवण्याचं काम ब्रिटनमध्ये हातापायांनी अगदी शेवटपर्यंत केलं ते बायकांनी. स्कॉटलंडच्या वायव्येला हेब्रिडीज बेटांवर विसाव्या शतकातही हे चालू होतं. लांब फळीभोवती दहा-बारा बायका समोरासमोर बसत. शिळ्या मूत्रात भिजवलेलं लोकरीचं कापड फळीवर आपटत, दाबत, शेजारणीकडे सरकवत. अधूनमधून ते बोटाने मोजून किती आटलं ते पाहत. कापड नेहमी उजवीकडून, सूर्याच्या फेऱ्याच्या दिशेनेच फिरे. उलटं फिरवणं अशुभ. उजवं आणि दक्षिण, दोन्हींसाठी गेलिकमध्ये देस हा एकच शब्द आहे आणि आपल्या दक्षिण शब्दाचा तो सख्खा नातलग आहे. प्रदक्षिणा घालणाऱ्याला ती दिशा वेगळी सांगायला नको. या कामाला ताल हवा, म्हणून गाणी होती. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी अर्थ नसलेल्या अक्षरांचं पालुपद धरायचं. त्या गाण्यांत बुडालेली गलबतं आहेत, परागंदा झालेले प्रियकर आहेत, सवतीबद्दलचा राग आहे, मेलेल्या भावासाठीचा विलाप आहे. जॉन लोर्न कॅम्बेल यांनी आयुष्यभर ती गोळा केली आणि फ्रान्सिस कॉलिन्सन यांच्यासह १९६९ ते १९८१ या काळात तीन खंडांत छापली. एडिनबरो विद्यापीठात १९५१ मध्ये सुरू झालेल्या स्कॉटिश अभ्यासकेंद्राने त्या बायकांचे आवाज ध्वनिफितींवर घेऊन ठेवले, ते आज कुणालाही ऐकायला मिळतात. त्यांच्यापैकी एकीच्याही वंशाला या कामाचं नाव मिळालं नाही. ज्यांनी आपल्या आजीच्या तोंडून जात्यावरची ओवी ऐकली आहे त्यांनी ती गाणी जरूर ऐकावीत.